चेरीच्या झाडावरचं डोकं

माझी बायको रायना गेल्या वर्षी चेरी पिकायच्या दिवसांत गेली. तिचं वर्ष जवळ आलं, उकडायचा गहू निवडून झाला, आणि त्याच आठवड्यात मला अर्धांगाचा झटका आला.

सोमवारी सकाळी मी कॉफी ओतत होतो. कॉफी कपाबाहेर जायला लागली. मी हाताला थांब म्हणतोय आणि हात ऐकत नाही. शेजारचा स्ताव्री कुंपणापलीकडून काहीतरी विचारत होता. मी त्याला उत्तर दिलं. माझ्या मते नीटच दिलं. तो फाटकातून आत आला आणि म्हणाला, "गेरासिम, सकाळी सकाळीच लावलीस की काय?" मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

स्ताव्रीने सगळं आयुष्य बस चालवण्यात घालवलं. त्याने मला आपल्या जुन्या गाडीत कोंबलं आणि जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं. वाटेत तो इतक्या शिव्या देत होता की रस्त्यावरची माणसं आपोआप बाजूला होत असावीत. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, वेळेत आणलंत म्हणून निभावलं. स्ताव्री ते वाक्य अजून सगळ्यांना सांगतो.

संध्याकाळपर्यंत माझी जीभ सरळ झाली. उजवा हात मात्र ओल्या हातमोज्यासारखा पडून होता. बोटं हलत, पण मी सांगितल्यावर नाही. त्यांना वाटेल तेव्हा.

दुसऱ्या दिवशी वॉर्डच्या मुख्य डॉक्टर पेन्चेवा माझ्या खाटेवर येऊन बसल्या. माझ्या मुलीच्या वयाची बाई, केस बारीक कापलेले, बोलणं सरळ.

"आजोबा, डोक्याला कधी मार लागला होता का?"

"बायकोने मारलेला धरायचा का?"

"तो नको. तो सगळ्यांनाच लागलेला असतो." त्यांनी मला माझ्या डोक्याचा फोटो दाखवला. "हा पांढरा ठिपका बघा. चेरीच्या बीएवढा. हे ताजं रक्त असू शकतं. किंवा एखादी जुनी गाठ असेल, चुना धरून घट्ट झालेली, वर्षानुवर्षं तिथेच बसलेली. गाठ असेल तर रक्त पातळ करायचं औषध मला आजच सुरू करायला हवं, नाहीतर दुसरा झटका येईल. आणि रक्त असेल तर तेच औषध तुम्हाला मारेल."

"मग आता?"

"पूर्वी कधी डोक्याचा असा फोटो काढला असेल तर तो आणा. त्यातही हा ठिपका असला तर माझा प्रश्न सुटला. नसेल फोटो, तर तुम्हाला राजधानीत, सोफियाला पाठवते. तिथे मोठ्या मशीनमध्ये बघतील. आमची मशीन तुमचा फोटो काढून बंदच पडली."

"माझं डोकं बघून दमली असेल," मी म्हणालो. "सोफियाहून परत कधी?"

"रांग असते. पुढचा आठवडा तरी धरा."

"शनिवारी माझ्या बायकोचं वर्ष आहे."

बाईंनी फोटो पाकिटात घातला. मग म्हणाल्या, "आपल्या जबाबदारीवर सही करून जाणार म्हणालात तर मला अडवता येणार नाही. पण मी तुमची मुलगी असते तर खाटेला बांधून ठेवलं असतं."

शनिवारचं मला एवढं का, ते सांगतो. रायना गेली तेव्हा फाटकावर काळी फीत मी बांधली होती. वर्ष झालं की ती सोडतात, थडग्याशी मेणबत्ती लावतात, उकडलेला गहू वाटतात, आणि मग घरातलं माणूस पुन्हा रंगीत सदरा घालायला मोकळं होतं. हे सगळं माझ्याशिवाय झालं असतं तर गावाच्या हिशेबाने झालंच असतं. माझ्या हिशेबाने नसतं झालं. फीत मी बांधली होती, मीच सोडायची होती. त्यात आणखी काही खोल नव्हतं.

आणि डोक्याचा फोटो खरंच काढला होता. माझ्या मुलीच्या, मिलेनाच्या लग्नाच्या वर्षी मी चेरी काढताना शिडीवरून पडलो होतो. तेव्हा खाणकामगारांच्या इस्पितळात नेलं होतं. तिथे फोटो काढला आणि डॉक्टर काहीतरी गाठ आहे असं म्हणाला होता, जन्मापासूनची असेल, काळजी करू नका. खाण बंद पडली, मागोमाग इस्पितळ बंद पडलं. आता तिथे न्हाणीघराच्या फरशा विकतात. मिलेना प्लॉवदिवहून आली आणि फोनवर बसली. एका कचेरीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने तिसरीकडे. शेवटी एक बाई म्हणाली, ते सगळे कागद एका तळघरात होते आणि तळघरात पाणी शिरलं.

"पण आपल्याकडे असणारच," मिलेना म्हणाली. "आईची पिशवी."

आमच्याकडे कागद इस्पितळावर सोपवून कुणी घरी येत नाही. ज्याचं दुखणं त्याच्याच घरी त्याचे कागद. प्रत्येक घरात एक पिशवी असते आणि ती पिशवी घरातल्या बाईच्या ताब्यात असते. रायनाची पिशवी कपाटात, थंडीतल्या रजयांच्या खाली. मिलेनाने ती आणून माझ्या खाटेवर ओतली. माझं रक्तदाबाचं, माझ्या साखरेचं. रायनाच्या शेवटच्या महिन्यांचे कागद सगळ्यांत जाड होते. ते मी उलटे ठेवायला सांगितले.

डोक्याचं काहीच नव्हतं.

"असं कसं?" मिलेना म्हणाली. "आई एक चिठ्ठी हरवू द्यायची नाही."

"हरवू द्यायची नाही. पण जाळायची."

"काय?"

"बरं झालेल्या दुखण्याचे कागद घरात ठेवले की दुखण्याला पत्ता कळतो, म्हणायची. एखादं दुखणं पुरतं गेलं की त्याचे कागद चुलीत. पिशवीत फक्त न बरं झालेलं ठेवायचं."

मिलेनाने कपाळाला हात लावला. "एवढी शहाणी बाई, बाबा!"

"शहाणीच होती. डोकं परत दुखलं का इतक्या वर्षांत?"

"आता दुखलं ना!"

"ती गेल्यावर," मी म्हणालो.

मग मिलेना रडली आणि मी डाव्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटत राहिलो. डावा हात या कामाला सरावलेला नव्हता.

पेन्चेवाबाईंना तिने जाऊन सांगितलं की कागद नाहीत. त्यांनी सोफियाला फोन केला. तिथे शुक्रवारी जागा होणार होती. मी मनात ठरवलं की शुक्रवारी सकाळी सही करायची आणि घरी जायचं. मिलेनाला बोललो नाही. पण तिला कळलं असावं, कारण ती माझे बूट आपल्या पिशवीत घालून घेऊन गेली.

गुरुवारी सकाळी स्ताव्री आला. त्याच्या काखेत रायनाच्या वर्षाच्या सूचनांची गुंडाळी होती. वर तिचा फोटो, खाली नाव, कधी गेली, आणि शनिवारी या, असा मजकूर. मिलेनाने छापून घेतल्या होत्या, स्ताव्री गावात चिकटवत फिरत होता.

"फाटकावर लावली, चर्चवर लावली, दुकानावर लावली, बसथांब्यावर लावली," तो म्हणाला. "बसथांब्यावर शेजारी तुझ्या सूचनेपुरती जागा राखून ठेवलीय. लागेल का तुला, ते सांग. नाहीतर जागा दुसऱ्याला देतो."

"काका!" मिलेना ओरडली.

"अगं, त्याला बरं वाटतं. बघ हसतोय. तोंडही सरळ हसतंय." त्याने एक सूचना माझ्यापुढे धरली. "फोटो चांगला आलाय ना?"

चांगला आला होता. कुणाच्या तरी लग्नातला. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहून मी काहीतरी चुकीचं करत असणार, कारण ती त्याच नजरेने बघत होती.

"चेरी काय म्हणते?" मी विचारलं. विषय बदलायचा होता.

"माझी म्हणतोस? माझ्या झाडावर देठ उरलेत. भोरड्या येतात थव्याने, सगळं झाड काळं होतं, आणि गेल्या की नुसत्या बिया. तुझ्या झाडावर एक बसत नाही. बसेल कशी? सगळ्या खानदानाची हाडं टांगून ठेवलीत तिथे. मलाच भीती वाटते कुंपणाजवळ जायला."

"कसली हाडं?" मिलेनाने विचारलं. ती लग्न होऊन गेल्यापासून चेरीच्या दिवसांत क्वचितच घरी आली होती.

"तुझी आई एक्स-रे टांगायची ना झाडाला. वाऱ्याने हलतात, खडखडतात, चमकतात. भोरड्या त्या..."

मी उठून बसलो. कशाच्या आधाराने बसलो ते आठवत नाही. मिलेना "बाबा, पडाल!" म्हणाली.

कागद चुलीत, पण फिल्म चुलीत नाही. फिल्म जाळली तर घरभर घाण वास येतो, आणि चांगला मजबूत प्लास्टिकचा तुकडा टाकून द्यायला रायनाचा जीव धजायचा नाही. बरं झालेलं सगळं झाडावर. मी ते रोज बघत होतो. चेरी पिकली की ती दर वर्षी बांधायची, चेरी संपली की काढून खोपटात ठेवायची. या वर्षी मीच बांधलं होतं, खोपटातलं पुडकं उचलून, एकेक न बघता. माझ्या लेखी ते सगळे गुडघे होते.

"स्ताव्री," मी म्हणालो, "माझं डोकं झाडावर आहे."

स्ताव्रीने मिलेनाकडे पाहिलं. "बाईंना बोलाव," तो हळूच म्हणाला. "परत सुरू झालं याचं."

त्याला समजावायला मिलेनाला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो जागेवरून हलेना.

"म्हणजे आता मी झाडावर चढू? या गुडघ्यांनी?"

"पडलास तर तुझाही फोटो काढतील," मी म्हणालो. "मग तुझ्या झाडालाही होईल."

दुपारचं जेवण झालं तेव्हा दोघं परत आले. चढली मिलेना, स्ताव्रीने शिडी धरली. कुठली फिल्म कुणाची ते तिथे कळेना म्हणून त्यांनी सगळ्याच उतरवल्या आणि बटाट्याच्या पोत्यात भरून आणल्या. फिल्मना अजून तारा आणि दोऱ्या तशाच होत्या. पोतं वॉर्डभर खडखडत आलं. माझ्या पलीकडच्या खाटेवरचा माणूस कुशीवर वळून बघायला लागला. तो झटका आल्यापासून भिंतीकडे तोंड करून होता.

पेन्चेवाबाई आल्या. त्यांनी पोत्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिली फिल्म काढून खिडकीला लावली.

"गुडघा."

"माझा," मी म्हणालो.

"छाती. बाईची."

"रायनाची. न्यूमोनिया झाला होता तेव्हाची. बरा झाला तो."

"पुन्हा गुडघा."

"तोच. दुसऱ्या बाजूने."

"आणि हे..." बाईंनी फिल्म उलटी केली, सुलटी केली. "याला शेपूट आहे."

"तो शारो. आमचा कुत्रा. गाडीखाली आला होता."

"वाचला?"

"वाचला म्हणून तर झाडावर आहे."

पलीकडच्या खाटेवरचा माणूस हसला. त्याची बायको दारात उभी होती, तिने तोंडाला हातातला टॉवेल लावला आणि रडू लागली. तो आल्यापासून पहिल्यांदा हसला होता.

पोत्याच्या तळाशी मोठी फिल्म निघाली. त्यावर ओळीने छोटी छोटी डोकी होती, एका वरची एक कापत गेल्यासारखी. वरच्या कडेला तारेचं भोक. मधोमध पक्ष्याची शीट, वाळून कडक झालेली. एका कोपऱ्याचा काळा रंग उन्हाने फिका पडला होता. बाईंनी ती हात धुवायच्या बेसिनमध्ये धरली आणि साबण लावून बोटांनी हलकेच धुतली. आम्ही सगळे बघत होतो. स्ताव्रीने टोपी काढली होती.

"नाव आहे," बाई म्हणाल्या. "गेरासिम. वर्षही आहे. तारेचं भोक एका डोक्यातून गेलंय, पण ते वरचं आहे. मला खालचं हवं." त्यांनी फिल्म खिडकीला लावली आणि नाक जवळजवळ टेकवलं. मग नवा फोटो शेजारी धरला. मग पुन्हा जुना.

सगळे पुढे सरकले. स्ताव्रीसुद्धा.

"इथे," त्या म्हणाल्या. "आणि याच्या खालच्या चौकटीतही. तीच बी. त्याच जागी, तेवढीच." त्या येऊन माझ्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि हसायला लागल्या. "आजोबा, हा तुमचा जुना भाडेकरू आहे. त्याला तिथेच राहू द्या."

"म्हणजे सोफिया नाही?"

"सोफिया नाही. औषध आत्ता सुरू. उद्याचा दिवस मी बघणार, आणि सगळं ठीक असलं तर शनिवारी सकाळी घरी. पण शिडी नाही, राकियाचा एक घोट नाही, आणि एकटं राहणं नाही."

"राकिया त्याच्या वाटणीची मी सांभाळतो," स्ताव्री म्हणाला.

मिलेना फिल्म परत पोत्यात भरत होती. तिच्या हातात एक लहान फिल्म होती. मी म्हणालो, "थांब. ती इकडे दे."

रायनाचा हात होता. बर्फावर घसरून पडली होती, दूध आणायला जाताना, आणि मनगट मोडलं होतं. पाचही बोटं पसरलेली, सगळी हाडं करडी, आणि एका बोटावर अंगठी, पांढरी शुभ्र.

"अंगठी काढायला लावतात खरं तर," बाई म्हणाल्या.

"सांगितलं होतं. निघतच नाही म्हणाली."

"बोट सुजलं असेल."

"नाही. उजवा हात मोडला होता, पण सुजलं फक्त मनगट. अंगठी छान निघत होती. भांडी घासताना रोज काढून खिडकीत ठेवायची. तिथे त्या माणसासमोर काढली नाही, एवढंच."

मिलेनाने ती फिल्म माझ्या शेजारच्या खिडकीच्या काचेला चिकटपट्टीने लावली. मी शुक्रवारचा दिवस तिच्याकडे बघत काढला. मधूनमधून माझा उजवा हात तिच्यासारखा पसरून बघत होतो. अंगठा आणि दोन बोटं यायला लागली होती. बाकीच्या दोघांना अजून वेळ हवा होता.

शनिवारी मिलेनाने मला बूट परत दिले. स्ताव्रीने गाडी सावकाश चालवली, आणि त्याला ते जड गेलं. फाटकापाशी उतरलो. फीत मी वर्षापूर्वी दोन गाठी मारून बांधली होती, पावसाने त्या दगड झाल्या होत्या. मी डाव्या हाताने धरलं, उजव्याच्या दोन बोटांनी ओढलं. मिलेना मदतीला आली तेव्हा तिला थांब म्हणालो. लोक आत जायचे थांबले होते, पण कुणी घाई केली नाही. शेवटची गाठ दातांनी सोडवली. शोभलं नसेल, पण सुटली.

थडग्याशी पाद्री आला, मेणबत्त्या लागल्या, मातीवर वाइन ओतली. गहू मिलेनाने उकडला होता. जरा जास्तच मऊ झाला होता, आणि वर साखर कमी पडली होती. ज्याच्या ज्याच्या हातावर तो घातला तो म्हणाला, "देव तिला क्षमा करो." रायनाने तो गहू खाल्ला असता तर क्षमा मिलेनाला मागावी लागली असती. मी हे मिलेनाला सांगितलं. तीही तेच म्हणत होती, मनात.

परत येऊन आम्ही चेरीखाली टेबलं लावली. झाडाकडे पाहिलं आणि सगळे हसायला लागले. फिल्म उतरवल्या त्याला दोनच दिवस झाले होते. वरच्या फांद्यांवर एक चेरी नव्हती.

"आलं का ध्यानात?" स्ताव्री म्हणाला. त्याला फार आनंद झाला होता. "आता आपण बरोबरीला आलो शेजारी."

"खालच्या आहेत अजून," मी म्हणालो.

मिलेनाने पोतं बाहेर आणलं. डोक्याची फिल्म तिने आधीच पुसून पिशवीत ठेवली होती, रजयांच्या खाली. "ही झाडावर जाणार नाही," ती म्हणाली. "आई काहीही म्हणो." मी वाद घातला नाही. दोघींच्या भांडणात मी पूर्वीही पडत नव्हतो. गुडघे गेले, न्यूमोनिया गेला, शारो आपल्या शेपटीसकट गेला, सगळे आपापल्या फांद्यांवर.

हाताची फिल्म मी खिशात ठेवली होती. मिलेनाला वाटलं मी ती घरात ठेवणार, फोटोशेजारी. मलाही सकाळपर्यंत तसंच वाटत होतं. पण मनगट बरं झालं होतं. पुढच्या वसंतात तिने त्याच हाताने अख्खी बाग खणली होती. तिच्या नियमाने ती फिल्म झाडावरच जायला हवी होती, आणि घरात नियम तिचेच चालायचे.

मी जमिनीवर उभा राहून हात पोचेल अशी फांदी निवडली. दोरी उजव्या हाताच्या बोटांत धरली, डाव्याने वेढा दिला. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली. फिल्मवरचा तिचा हात फिरला, थांबला, पुन्हा फिरला, आणि अंगठी उन्हात चमकली. स्ताव्रीच्या छपरावर बसलेल्या भोरड्या उडाल्या.

"झालं," स्ताव्री म्हणाला. "आता त्या सगळ्या माझ्याकडे येणार."

"तुझ्याकडे आहेच काय खायला?"

"पुढच्या वर्षी असेल की."

"मग वर्षभरात कुठून तरी पड," मी म्हणालो, "आणि नीट बरा हो."

त्याने आपला ग्लास भरला, मग माझ्या वाटणीचा भरला, आणि दोन्ही स्वतःसमोर ठेवले. मी एक चेरी खाल्ली. बी तोंडात थोडा वेळ ठेवली आणि मग गवतात टाकली.